न तडकलेलं तबक

भावोजी,

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. चाळीच्या पटांगणात मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी आधीच ठरवल्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या घरातलं तबक बाहेर आलं. तुम्ही प्रत्येकाच्या लग्नात दिलेलं लाकडी तबक. कुणी मांडणीवरून काढून आणलं होतं, कुणी पोटमाळ्यावरून, कुणी थेट डोंबिवलीहून साडीत गुंडाळून. तुमच्या फोटोसमोर सतरंजीवर ती ओळीनं मांडली आणि प्रत्येकात मूठमूठ मोगरा ठेवला. पिवळी, जांभळी, हिरवी, डाळिंबी. उन्हात लाखेचा रंग असा चमकत होता की मला तिथं उभं राहवेना. सगळ्या चाळीचं तबक तिथं होतं आणि तुमच्या सख्ख्या मेहुण्याचं नव्हतं.

ताईनं विचारलंच. "मिलिंद, तुमचं कुठाय रे?"

मी तोंड उघडायच्या आत शुभांगी बोलली. बायकोच ती, बिचारी माझी बाजू सावरायला गेली. "आमचं कुठलं आलंय ताई, ते भावोजींच्याच हातून लेथवर तडकलं होतं ना. रंग द्यायला दिलं होतं तेव्हा."

खुर्चीत बसलेले जाधवकाका एकदम ताठ झाले. "कुणाच्या हातून? त्याच्या? काय बोलतेस पोरी! चाळीस वर्षं शेजारी राहिलोय. ओलं लाकूड त्यानं कधी लेथला लावलं नाही, मग तडकतंय कसं?"

शुभांगी गोरीमोरी झाली. "असं भावोजीच म्हणाले होते," ती म्हणाली. ताई फोटोकडे बघत राहिली. "मला कधी बोलले नाहीत हो ते," एवढंच म्हणाली आणि पदर नीट करत बसली.

आणि मी? मी सतरंजीची किनार बघत होतो. पुढं कुणीतरी माझ्या हातात माईक दिला, तर मी उभा राहून दोन शब्द बोललोसुद्धा. कष्टाळू, मनमिळाऊ, हाडाचे कारागीर. ऑफिसात निरोपसमारंभाला बोलतो तसं घडाघडा बोललो आणि टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून नुसताच खाली बसलो. हाडाचे कारागीर म्हणालो त्याच तोंडानं मला एक वाक्य बोलायचं होतं, ते गिळलं. आता ते इथं लिहितो, म्हणजे निदान कागदावर तरी येईल. ते तबक तडकलं नव्हतं.

तुम्हाला हे सांगायची गरजच नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी ते ऐकायला हवं, आणि तिथवर यायला मला तुमच्याशी बोलतच यावं लागणार. तुमच्याशी भांडायची सवय आहे मला, माफी मागायची नाही. त्यामुळे जरा अडखळेन.

आमच्या लग्नाच्या आधीच्या रविवारी तुम्ही आम्हा दोघांना चिंचपोकळीच्या गाळ्यात बोलावलं होतं. शुभांगीला वाटलं, होणाऱ्या नवरा-नवरीला चहा पाजणार असतील. गाळा म्हणजे काय, गिरण्यांच्या लाकडी बॉबिनी जिथं कातल्या जात होत्या तिथला उरलेला एक कोपरा. गिरण्या गेल्या, मालक गेला, एक जुना लेथ आणि तुम्ही राहिलात. पोटासाठी तुम्ही खुर्च्यांचे पाय, पाळण्यांचे दांडे, लाटणी कातून द्यायचात. तबक मात्र कधी विकलं नाहीत. तबक द्यायचं, तेही ओळखीच्या माणसाला, तेही लग्नाला. ही लाखेची कला तुम्हाला सावंतवाडीकडच्या मामांनी शिकवली होती, आणि सुटीत गावी गेलात की येताना रंगीत कांड्या आणि केवड्याची वाळकी पानं आणायचात. ताई म्हणायची, लोक काजू आणतात, आमचे हे पाला आणतात.

त्या दिवशी लेथवर शिवणीच्या लाकडाचं तबक फिरत होतं. मधला भाग तुम्ही आधीच रंगवून ठेवला होता, पिवळ्यावर शेंदरी वळी, एकात एक. तुम्ही लाखेची कांडी टेकवलीत की फिरत्या लाकडाच्या घासण्यानं ती विरघळे आणि रंग तिथल्या तिथं चढे. वरून केवड्याचं पान दाबलंत की आरशासारखी झळाळी. शुभांगी बघतच राहिली. फक्त काठ कोरा होता.

"हा तुमचा," तुम्ही म्हणालात. "काठ ज्याचा त्यानं लावायचा. दोघांनी मिळून. मी फक्त लेथ फिरवणार."

मला मरून रंग हवा होता, शुभांगीला निळा. ती जिंकली. दोघांनी एकच कांडी धरली. मी घाबरून ती अशी आवळली की तुम्ही ओरडलात, "मिलिंदा, कांडी आहे रे ती, बसचा दांडा नाही!" शुभांगीला हसू फुटलं, ते आवरेना, लेथ थांबता थांबता हात सरकला आणि निळा काठ एका जागी बोटभर आत पिवळ्यात घुसला.

मी म्हणालो, "भावोजी, तेवढं सरळ करा की."

"हात नाही लावणार. ह्याच्यावरूनच तर ओळखायचं तुमचं कुठलं ते."

मग तबक उतरवून काठाच्या मागच्या अंगाला तुम्ही पेन्सिलीनं आमची दोघांची नावं लिहिलीत, वरून बिनरंगाची लाख फिरवलीत आणि म्हणालात, "आता पुसायचं म्हटलं तरी पुसत नाही." कानावरची पेन्सिल हातात असताना तुम्ही दुसरी पेन्सिल शोधत होता, त्यावरून शुभांगी पुन्हा हसली.

काल ओळीत मांडलेल्या प्रत्येक तबकाचा काठ असाच कुठंतरी चुकलेला होता, भावोजी. जाधवकाकांच्या मुलीच्या तबकावर वीज गेल्यामुळे हिरवा पट्टा मध्येच तुटलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचा काठ एका बाजूला जाड, एका बाजूला धाग्याएवढा, कारण नवरा डावखुरा. प्रत्येक जण शेजारच्याला आपली चूक दाखवत होता आणि रडता रडता हसत होता. मला दाखवायला चूकसुद्धा नव्हती.

आठ-नऊ वर्षं ते तबक आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. तोवर मी परळच्या त्या काचेच्या टॉवरमध्ये ॲडमिनला लागलो होतो, आणि आम्ही चाळ सोडून दादरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो होतो. ऑफिसात मी कुठून आलो हे कुणाला सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नव्हतो, नुसतं सांगितलं नव्हतं. माझ्या आडनावावरून चटकन अंदाज येत नाही, आणि येऊ नये म्हणून मी काय काय सांभाळून बोलायचो ते माझं मला माहीत. कुणी विचारलं, मूळचे कुठले, तर म्हणायचो, इथलेच, सेंट्रल मुंबई. सेंट्रल मुंबई! चाळीला मी दिलेलं हे नाव तुम्ही ऐकलं असतंत तर आठवडाभर मला त्याच नावानं हाक मारली असतीत.

तर मॅडमच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. आमच्या विभागाच्या मॅडम, माझं प्रमोशन त्यांच्या हातात. सगळे चांदीचं काहीतरी नेणार होते. मॅडम एकदा सहज म्हणाल्या होत्या की त्यांना हातानं बनवलेल्या वस्तू आवडतात. माझ्या डोक्यात ते तबक आलं. तुम्हाला नवं करायला सांगता आलं असतं. पण मग तुम्ही म्हणाला असतात, कुणासाठी आहे, त्यांना घेऊन ये, काठ लावायला. आणि मॅडमना चिंचपोकळीच्या त्या गल्लीत, तुमच्या गाळ्यात, भुशात बसवून कांडी हातात द्यायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. शुभांगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. त्यामुळे घरात विचारणारं कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी तबक घेऊन मी गाळ्यात आलो. म्हणालो, रंग जरा उतरलाय, नवा करा. तुम्ही ते उजेडात धरून फिरवलंत. रंग कुठंही उतरला नव्हता. लाखेचा रंग असा उतरत नाही, हे मलासुद्धा ठाऊक होतं.

"काय करायचंय नक्की?"

"काठ सरळ करा ना भावोजी. पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

"आणि मागची नावं?"

"ती पण जाऊ देत. लोक उचलून बघतात."

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "कुणाला द्यायचंय काय?"

"छे! घरीच ठेवायचंय."

"शुभांगीला विचारलंस?"

"तिनंच सांगितलंय," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! मग फोन आल्याचं निमित्त करून मी बाहेर टपरीवर जाऊन बसलो. तुम्हाला फार वेळ लागला. काठ तासायला एवढा का वेळ लागतोय म्हणून मी दोनदा चिडून आत डोकावलो, तर तुम्ही पाठमोरे, खांद्यात वाकलेले, बारीक पटाशी धरून बसलेले. परत आलो तेव्हा तबक तयार होतं. काठ मरून, सूत धरल्यासारखा सरळ. मागची बाजू कोरी.

"लहान झालं वाटतं," मी म्हणालो.

"काठ गेला की थोडं लहान व्हायचंच," तुम्ही म्हणालात. चहा विचारला नाहीत. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही.

मॅडम खूश झाल्या. शुभांगी बाळाला घेऊन परत आली आणि तिनं पहिल्याच दिवशी रिकामी जागा पाहिली. मी तयारच होतो. "भावोजींकडे रंगवायला दिलं होतं, लेथवर तडकलं. त्यांना फार वाईट वाटलंय, तू काही बोलू नकोस." शेवटचं वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तुम्हाला काही बोलली नाही. वर्षभर बोलली नाही. मग तुमच्या भाच्याच्या हळदीला, ताई आत स्वयंपाकात होती तेव्हा, गप्पा चालल्या असताना थट्टेत तिच्या तोंडून निघालंच. "भावोजी, सगळ्यांची तबकं नांदतायत, आमचं तेवढं तुमच्या हातून फुटलं हं!"

मी हातातल्या हळदीच्या वाटीत बोट फिरवत राहिलो. तुम्ही आधी तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. फार वेळ नाही.

"हो गं," तुम्ही म्हणालात. "चुकलं माझं. हात सरकला."

भावोजी, चाळीस वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक तबक तडकलं नाही, त्यानं भरल्या मांडवात, माझ्या बायकोसमोर, हात सरकला म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं, नंतर एकीकडे घेऊन मला चांगलं फैलावर घ्याल. मी उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. तुम्ही जेवताना माझ्या पानात श्रीखंड वाढलंत आणि म्हणालात, "घे, वजन कमी झालंय तुझं." तेव्हाच मी बोललो असतो तर? एवढंसं होतं ते. पण सुटलो बुवा, असं वाटलं मला. खरं सांगतो, तेवढंच वाटलं.

मग ऑफिसातला तो दिवस. मॅडमनी ते तबक घरून केबिनमध्ये आणून ठेवलं होतं, त्यात चॉकलेटं ठेवायच्या. दिवाळीला क्लायंट्सना असलीच तबकं द्यायची त्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांनी मला सांगितलं, त्या कारागिराला घेऊन ये. कारागीर मी शोधून काढला, असं मी त्यांना सांगितलं होतं. मी तुम्हाला फोन केला आणि म्हणालो, मोठं काम आहे, इस्त्रीचा शर्ट घालून या. तुम्ही आलात. खाली लॉबीत तो संगमरवर बघून म्हणालात, "इथंच कुठंतरी बॉबिनींचं पोतं उतरवायचो मी. गेट त्या तिकडं होतं." मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या तुम्हाला ते दिसलं. मी चॉकलेटं पसरून ठेवायला हवी होती, असला विचार त्या क्षणी माझ्या मनात आला. मॅडम म्हणाल्या, "यही हैं ना? मिलिंद, तूने बताया था. बाबा, ये आपने बनाया है?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी सांगेन म्हणून थांबलात. 'मॅडम, हे माझे भावोजी, माझ्या ताईचे मिस्टर' एवढंच वाक्य होतं. ते म्हणायला मला किती वेळ लागला असता? तुम्ही तेवढा वेळ दिलात, वर थोडा जास्तच दिलात. मग चॉकलेटं एका हातानं बाजूला करून तबक उचललंत, त्या सरळ मरून काठावरून अंगठा फिरवलात आणि परत ठेवलंत.

"हाँ मॅडम. मैंने ही बनाया. साहब ने खास बनवा के लिया था."

साहब. मी तुमचा साहेब झालो. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून मला मिलिंदा म्हणणारा माणूस मला साहेब म्हणाला, आणि मी मान डोलावली.

चाळीस तबकं हवीत म्हटल्यावर तुम्ही काय सांगावं? "मॅडम, जिस को देना है उस को मेरे पास आना पड़ता है. किनारा वो खुद लगाता है. चाळीस लोग आयेंगे तो चाळीस बनाता हूँ." मॅडम हसल्या, किती गोड आहेत हे, म्हणाल्या, आणि त्यांची मीटिंग लागली. दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे गेले.

लिफ्टमधून उतरेपर्यंत मी दातओठ खात होतो. लॉबीत तुमच्यावर तुटून पडलो. "एक काम आणलं तुमच्यासाठी, ते पण धड होऊ दिलं नाहीत! काठ स्वतः लावायचा म्हणे! वस्तू चांगली असली की झालं, कुणी काठ लावला कोण विचारतंय?"

"मी विचारतो," तुम्ही म्हणालात.

"तुमच्या ह्या हट्टामुळे माझी काय शोभा झाली माहितेय?"

ह्यावर तुम्ही माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची उलटी झालेली पट्टी सरळ केलीत. "चल, चहा घेऊ. चिंचपोकळीपर्यंत चालत जाऊ, मग भांड."

"मला मीटिंग आहे," मी म्हणालो. नव्हती. तुम्ही एकटेच निघालात, इस्त्रीच्या शर्टात, दुपारच्या उन्हात. ते भांडण तिथंच राहिलं. माझी बाजू मी मांडली, तुमची ऐकलीच नाही. आता ती मला कोण सांगणार?

त्यानंतर मी तुम्हाला टाळत होतो, हे तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही फोन करायचात. "दोघं या रे एकदा गाळ्यात. एक द्यायचंय." दर वेळी हेच. दोघं या. मला वाटायचं, नवं तबक करून देणार असाल. शुभांगी तिथं आली की बोलणार, जुन्याचा विषय निघणार, आणि ह्या वेळी तुम्ही सांभाळून घ्याल ह्याची काय खात्री? मी म्हणायचो, हो, ह्या रविवारी नक्की. तुम्ही परळच्या हॉस्पिटलात होता तेव्हाही ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणालात, "शुभांगी नाही आली?" ती बाहेर बाकावरच बसली होती, भावोजी. मी म्हणालो, तिला सुटी नाही. मग तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "बरं. सावकाश."

सावकाश म्हणायला आपल्याकडे वेळ कुठं होता?

आज सकाळी ताईनं फोन करून मला एकट्याला गाळ्यात बोलावलं. गाळा रिकामा करायचाय, म्हणाली. ती आधीच येऊन बसली होती, तुमच्या स्टुलावर. लेथवर तिनं चादर घातली होती. "ते वर बघ," म्हणाली.

लेथच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला एक लाकडी कडं टांगलेलं होतं. सव्वा फूट रुंद, दोन-तीन बोटं जाड, आतून पिवळ्याची कड आणि बाहेर निळा काठ. निळा एका जागी बोटभर आत घुसलेला.

मी काय बघतोय ते मला कळायला जरा वेळ लागला. तुम्ही काठ तासलाच नव्हतात. तासून टाकायचा तर दहा मिनिटांचं काम. तुम्ही बारीक पटाशीनं आतून खाच पाडत पाडत अख्खा काठ सोडवून घेतला होता, कुठंही टवका न उडता. म्हणून एवढा वेळ लागला होता. आणि मी बाहेर टपरीवर चिडत होतो.

ताईनं ते उतरवलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आमची नावं जशीच्या तशी होती, लाखेखाली. "मी काल मांडवातून उठून इथं आले," ती म्हणाली. "तुझ्या बायकोचं बोलणं काही गळी उतरेना. गेली कितीतरी वर्षं हे इथं टांगलंय, मी विचारलं की म्हणायचे, ज्यांचं आहे ते नेतील. मी तीस वर्षं ह्यांच्याशेजारी बसून कातकाम बघितलंय मिलिंद. तबक तडकलं तर तडा काठापर्यंत जातो. हा काठ अख्खा आहे. हा पटाशीनं काढलाय. मग तबक कुठाय?"

मी सांगितलं. सगळं, जसं इथं लिहिलंय तसं, त्या 'साहब'पर्यंत. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून लेथवरच्या चादरीकडे बघून सांगितलं. मला वाटलं ती रडेल नाहीतर थोबाडीत देईल. आमच्या ताईचा हात तुम्हाला माहीत आहे. तिनं पदरानं त्या कड्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिली.

"मला एक सांग," ती शेवटी म्हणाली. "ते तुला साहेब म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता?"

"मी बघितला नाही ताई," मी म्हणालो. हे खरं होतं. ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज ह्याची वाटते.

मी कडं घ्यायला हात पुढं केला. तिनं दिलं नाही. स्टुलावर चढून ते परत खिळ्याला लावलं.

"शुभांगीला घेऊन ये," ती म्हणाली. "काठ दोघांचा आहे. एकट्याच्या हातात ते कधी द्यायचे नाहीत, मी पण देणार नाही."

दोघं या, तुम्ही म्हणत होता. नवं तबक द्यायचं नव्हतं तुम्हाला. आमचंच परत द्यायचं होतं, आणि तेही असं की देताना मला तिच्यासमोर खरं बोलावं लागलं असतं, तुम्ही लेथपाशी उभे असताना. तुम्ही असतात तर सोपं गेलं असतं, भावोजी. काहीतरी बसच्या दांड्यासारखं बोलला असतात आणि ती रागावता रागावता हसली असती. एवढी वर्षं तुम्ही मला सोपं करून देत होता आणि मी रविवार पुढं ढकलत होतो.

संध्याकाळ झालीय. शुभांगी आत भाजी चिरतेय. मघापासून दोनदा विचारून झालं तिचं, "एवढं काय लिहितोयस?" काल जाधवकाका बोलले ते तिच्या मनाला फार लागलंय. सकाळपासून तीन वेळा म्हणाली, भावोजी स्वतः म्हणाले होते ना रे, हात सरकला म्हणून? मी काय त्यांच्या नावानं खोटं बोलेन का?

नाही शुभांगी, तू नाही बोललीस.

आता तिला बाहेर बोलावतो. येत्या रविवारी दोघं गाळ्यात येतो आणि मग चाळीत जाधवकाकांकडे जातो, पटांगणात, सगळे असताना. पण ते नंतर. आधी तिला इथं खुर्चीवर बसवून एक वाक्य सांगायचंय, काल माईक हातात असताना गिळलं त्याच्याही आधी सांगायला हवं असं.

भावोजींचा हात कधीच सरकला नाही.